ऑर्किड झोपलंय की मेलंय? घरच्या ऑर्किडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या गॅलरीत माझी पस्तीस-चाळीस ऑर्किडं आहेत. नर्सरी नाही, विक्री नाही, नुसता नाद. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ओळखीच्यांचे फोटो यायला लागतात: पिवळी पानं, उघड्या पडलेल्या काड्या, रिकामी दिसणारी कुंडी. खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते, 'आता काय घालू?' बऱ्याचदा उत्तर असतं, काहीच घालू नका. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर.

डेंड्रोबियमची सगळी पानं गळली, नुसत्या काड्या उरल्या. गेलं का झाड?

काडी, म्हणजे ह्या ऑर्किडचं जाड खोड, दोन बोटांत धरून दाबा. टणक लागली, आतून भरीव वाटली, तर झाड जिवंत आहे. वरून पांढुरक्या कागदासारखं साल सुटलेलं असलं तरी घाबरू नका, ती जुन्या पानांच्या बुडाची आवरणं असतात. नखाने किंचित खरवडलं तर खाली हिरवा नाहीतर पिवळसर रंग दिसेल. काडी पिकल्या केळ्यासारखी मऊ लागली, तपकिरी झाली, दाबल्यावर पाणी सुटलं, तर ती कुजली. ती मुळापासून कापून टाका, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि बाकीच्या काड्या तपासा. एक कुजली म्हणून सगळं झाड फेकायचं नसतं.

काड्यांना हलक्या सुरकुत्या पडणं हेही चालतं. काडी म्हणजे झाडाची पाण्याची टाकी. पानं टाकून द्यायची, टाकीतलं पाणी जपून वापरायचं आणि पाऊस येईपर्यंत गप्प बसायचं, असा त्याचा हिशेब असतो.

पण ही झोप म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे तर थंडीही धड पडत नाही.

पुस्तकात 'सुप्तावस्था' लिहितात, आम्ही झोप म्हणतो. बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. परदेशी माहिती वाचून लोकांना वाटतं की झाड थंडीमुळे झोपतं. युरोपातल्या झाडांचं तसं असेल. आपल्या सह्याद्रीतलं ऑर्किड झोपतं ते कोरडेपणामुळे. मृगापासून हस्तापर्यंत चार महिने पाणीच पाणी, आणि पुढचे आठ महिने जवळजवळ काही नाही. झाडाच्या फांदीवर राहणाऱ्याला जमिनीतल्या ओलाव्याचाही आधार नाही. मग चार महिन्यांत वाढून घ्यायचं, साठवून ठेवायचं आणि उरलेल्या काळात खर्च बंद.

हे मला वाचून कळलं नाही, नुकसान होऊन कळलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या मावशीच्या परड्यातला जुना आंबा अर्धा मोडला. पडलेल्या एका फांदीवर पांढऱ्या फुलांच्या डेंड्रोबियमचा मोठा झुबका होता. हे डेंड्रोबियम बारबॅट्युलम, फक्त पश्चिम घाटात सापडणारं. फांदी चुलीत जाणार होती. प्रवासाची बंदी उठल्यावर आम्ही गेलो, झुबक्याचे दोन भाग केले. एक मावशीने सुतळीने चिकूच्या खोडाला बांधला, एक मी ठाण्याला आणून सागाच्या फळकुटावर बसवला.

माझ्याकडच्या भागाची मी काय बडदास्त ठेवली! रोज सकाळी फवारा, आठवड्याला खत. नोव्हेंबरात पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी पाणी दोनदा केलं. डिसेंबरात काड्या बुडापासून काळ्या पडल्या आणि संक्रांतीच्या आत सगळं संपलं. फेब्रुवारीत मावशीचा फोन आला, 'अरे, तुझं ते बांडगूळ फुललंय बघ.' तिने ऑक्टोबरपासून त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकही पान नसलेल्या, वाळक्या दिसणाऱ्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस आले होते. विळी घेऊन गवत कापायला गेली म्हणून तिला दिसले, नाहीतर तेही कळलं नसतं.

माझ्या झाडाला तहानेने काही झालं नव्हतं. ज्या महिन्यांत त्याला पाणी पिताच येत नाही त्या महिन्यांत मी ते पाजत राहिलो.

सगळीच ऑर्किडं अशी झोपतात का?

नाही, आणि म्हणूनच झाडाची जात माहीत असणं सगळ्यात महत्त्वाचं. नाव माहीत नसेल तर झाडाची अंगकाठी बघा. जाड काड्या किंवा बुडाशी कांद्यासारखे फुगीर बल्ब असतील तर त्याच्याकडे साठवण आहे. ते थोडी किंवा पुरती विश्रांती घेणार. एकाच शेंड्याने वर वाढत जाणारं, बल्ब नसलेलं झाड असेल तर साठवण फक्त पानांत आणि जाड मुळांत. त्याला पूर्ण उपाशी ठेवता येत नाही.

फॅलेनोप्सिस, म्हणजे मॉलमध्ये आणि भेट म्हणून मिळणारं फुलपाखरासारख्या मोठ्या फुलांचं, झोपत नाही. हिवाळ्यात जरा मंदावतं, एवढंच. व्हांडाही तसंच, टोपलीतून मोकळी लोंबणारी मुळं असतील तर त्याला बारा महिने पाणी लागतं, थंडीत रोजच्याऐवजी दोन-तीन दिवसांआड.

लग्नाच्या गुच्छांत आणि स्टेजच्या सजावटीत जांभळी-पांढरी फुलं लागतात ती 'सोनिया'. बाजारात डेंड्रोबियम म्हणून मिळणारं बहुधा ह्याच घराण्यातलं असतं. ते उष्ण हवेतलं आहे, मुंबई-कोकणात आनंदाने राहतं. त्याची झोप उथळ. काही पानं टाकतं, बरीच ठेवतं. पाणी कमी करा, बंद नको. कॅटलियाही तसाच, नवा बल्ब पुरता भरला की महिना-दीड महिना आळसावतो. बल्बच्या टोकाची फुलाची पिशवी वाळून कागदी झाली म्हणून ती ओढून काढू नका. पुष्कळदा त्या वाळक्या पिशवीतूनच कळी येते.

सीतेची वेणी ह्या ऑर्किडची झोप मधली. पानं ठेवते, पण दिवाळीनंतर वाढ थांबवते आणि मे-जूनच्या सुमाराला लोंबता तुरा टाकते. आसामात हीच कपौ फूल. तिथे ती राज्याचं फूल आहे आणि रंगाली बिहूत बायका केसांत माळतात. आपल्याकडे नाव वेणी, पण माळताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

गाढ झोपणारी म्हणजे नोबिल जातीचं डेंड्रोबियम, आपली घाटातली डेंड्रोबियमं, कॅटासीटम आणि जमिनीखाली कंद असलेली हबेनारिया. ह्यांच्याशी वागताना हात आवरावा लागतो.

मग झोपेत पाणी अजिबात बंद?

माझा ढोबळ नियम 'दिवाळी ते होळी'. दसऱ्यापासून पाणी कमी करत यायचं, दिवाळीनंतर गाढ झोपणाऱ्यांचं जवळजवळ बंद, होळीपर्यंत.

'जवळजवळ' का, तर रानातही ती शंभर टक्के कोरडी नसतात. कोकणात हिवाळी पहाटे दहिवर पडतं, धुकं असतं. मुळांवरची पांढरी स्पंजासारखी साल तेवढं टिपून घेते. फ्लॅटच्या बंद गॅलरीत दहिवर कुठून येणार? म्हणून मी दहा-पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर मुळांवर हलकं शिंपडतो. मुळं रुपेरीची हिरवी झाली की थांबतो. दहापर्यंत ती परत रुपेरी झाली पाहिजेत. संध्याकाळी मुळीच नाही. रात्रभर बुडाशी ओल राहिली की कुजायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

काड्या पार चिंचोक्यासारख्या आकसायला लागल्या तर एकदा नीट पाणी द्या आणि पुन्हा विसरून जा. घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. माझ्याकडे मी न दिलेलं पाणी सासूबाई द्यायच्या. 'बिचारं सुकलंय' म्हणून.

गंगटोकहून नोबिल आणलं. चार वर्षं झाली, फुलाऐवजी काडीवर छोटी रोपंच येतात. असं का?

त्याला झोपू दिलं नाही म्हणून. नोबिल हिमालयाच्या पायथ्याचं झाड, सिक्कीमचं राज्यपुष्प. ह्याला मात्र कोरडेपणा आणि थंडी दोन्ही लागतात. रात्रीचा पारा दहा ते चौदा अंशांच्या आसपास, असे काही आठवडे. काडीच्या पेरापेरावर डोळे असतात. कोरडं आणि गार मिळालं तर त्या डोळ्यातून फूल येतं. पाणी आणि नत्राचं खत चालूच राहिलं तर त्याच डोळ्यातून रोप. त्या रोपाला कीकी म्हणतात. फुलांऐवजी पोरंच पोरं.

पुण्यात, नाशिकला, साताऱ्याकडे उघड्या गच्चीवर जमून जातं. गणपतीनंतर नत्राचं खत बंद, दिवाळीनंतर पाणी बंद, कुंडी रात्री उघड्यावर आणि दिवसा भरपूर उजेडात. कळ्या बोटाच्या टोकाएवढ्या दिसल्यावरच पाणी. त्या आधी दया आली तर कळ्यांची रोपं होतात, हे मी पाहिलेलं आहे.

मुंबईत, पणजीत, रत्नागिरीत मी नोबिल घ्याच असं म्हणणार नाही. समुद्रकाठची रात्र तेवढी गार होत नाही. सिंबिडियमबद्दलही हेच. दार्जिलिंग-कालिम्पाँगला फुललेलं बघून मोह होतो, पण मोठ्या फुलांची ती संकरित जात इथे नुसतं गवत होऊन राहते. कीकींना मुळं दोन-तीन इंच झाली की काढून लावा. तेवढं तरी पदरात पाडून घ्या.

फॅलेनोप्सिसची फुलं गळून वर्ष झालं. पानं छान आहेत, फूल नाही. तेही झोपलंय का?

ते जागंच आहे, त्याला इशारा मिळालेला नाही. रात्रीचा गारवा हाच त्याचा इशारा. पारा रात्री विशीच्या खाली उतरून तीन-चार आठवडे राहिला की पानांच्या बगलेतून दांडा निघतो. ठाण्या-मुंबईत हे डिसेंबर-जानेवारीत घडतं, पण झाड गॅलरीत असेल तरच. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेल्या झाडाला हिवाळा आला हे कळणार कसं? नोव्हेंबरच्या मध्यावर बाहेर सावलीत हलवा, थेट ऊन नको, आणि मकरसंक्रांतीनंतर पानांच्या खाली बारकाईने बघा. दांड्याचं टोक बोटमोज्यासारखं चपटं असतं, मुळाचं गोल आणि चकचकीत. लोक पहिल्यांदा हमखास चुकतात आणि मुळाला काठी बांधून ठेवतात.

जुना दांडा हिरवा असेल तर खालून दोन-तीन पेरं ठेवून कापा, कधी कधी तिथून फाटा फुटतो. तपकिरी झाला असेल तर बुडाशी कापा.

कुंडीतलं झाड पूर्ण नाहीसं झालं. वर काहीच नाही. माती फेकून देऊ?

थांबा, आधी आठवा की त्यात काय होतं.

जमिनीवरची ऑर्किडं, म्हणजे हबेनारिया आणि तिच्या भावकीतली, पावसाळा संपता संपता पान पिवळं करतात आणि सगळा पसारा जमिनीखालच्या कंदात आवरून घेतात. कंदही तोच राहत नाही. जुना सुकतो आणि त्याच्या शेजारी त्या पावसाळ्यात तयार झालेला नवा पुढच्या वर्षासाठी थांबतो. कासचं पठार पाहिलंत ना? पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यात कासही आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे हबेनारियाचे पांढरे तुरे दिसतात, टूथब्रशसारखे दात असलेले. मार्चमध्ये त्याच जागी जा, नुसता तापलेला कातळ. कंद मात्र सगळे तिथेच असतात.

मावशीच्या अंगणात शौचालयाची टाकी खणली तेव्हा निघालेल्या ढेकळांत दोन कंद सापडले होते, शेंगदाण्याहून थोडे मोठे, केसाळ. ते मी खापराच्या कुंडीत जांभ्याचा चुरा, लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत घालून लावले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक पान आलं, हृदयाच्या आकाराचं, मातीला अगदी चिकटून पसरलेलं, आणि त्यातून वीतभर दांड्यावर पांढरी फुलं. नोव्हेंबरात कुंडी रिकामी. आमच्या कामवाल्या ताईंनी फेब्रुवारीत त्यात पुदिना लावला. पुदिन्याला रोज पाणी. चूक त्यांची नव्हती, कुंडीवर काही लिहिलेलंच नव्हतं. आता अशा प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतो: 'आत झाड आहे. पाणी नको.'

झोपेत ही कुंडी सावलीत, पावसाच्या फटकाऱ्यापासून आणि उंदीर-घुशींपासून दूर ठेवायची. मातीला हात लावायचा नाही. पहिल्या पावसाच्या सुमाराला बाहेर आणायची.

पावसाळ्यात सगळी बाहेर ठेवू का? पाऊस तर त्यांना आवडतो.

आवडतो, पण रानातला. तिथे ती उंच फांदीवर असतात, पाणी धरून ठेवणारं काही नसतं आणि वारा सतत खेळत असतो. आपल्या गॅलरीत ग्रिल, भिंत, एकमेकांना चिकटलेल्या कुंड्या.

व्हांडा, फळकुटावर बांधलेली डेंड्रोबियमं, सीतेची वेणी ह्यांना खुशाल भिजू द्या. फॅलेनोप्सिसला मुळीच नाही. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं की शेंडा कुजतो, आणि तिला एकच शेंडा असतो. फार तर कुंडी आडवी टांगा म्हणजे पाणी ओघळून जाईल. कॅटलियाचे नवे कोंब आषाढातल्या झडीत काळे पडतात, तेव्हा त्यांना छपराखाली. चार-पाच दिवस सलग उघडीप नसेल तर मी टेबल फॅन लावून ठेवतो. विजेचं बिल येतं, पण काळे डाग येत नाहीत.

श्रावणात रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. शंखी आणि बिनशंखाच्या गोगलगायी नव्या मुळांची टोकं आणि कळ्या खातात, सकाळी नुसता चकाकणारा माग दिसतो. हाताने वेचणं हाच माझा उपाय. मीठ टाकू नका, मुळं जळतात.

कुंडीत काय भरायचं? आणि कुंडी बदलायची कधी?

झाडावरच्या ऑर्किडला माती नाही. कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे, भोकं असलेली खापराची कुंडी. नारळाची सोडणं पुण्यासारख्या कोरड्या हवेत उत्तम. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात ती पाणी धरून बसतात आणि वर्षा-दोन वर्षांत कुजतात, म्हणून तिथे कमी घाला. फॅलेनोप्सिस बाजारातून मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, गच्च बांधलेलं येतं. फुलं संपली की मॉस सोडवून बघा. मधोमध ओला गोळा असतो आणि त्यातली मुळं बऱ्याचदा गेलेली असतात.

झोपेत कुंडी बदलू नका. तुटलेली मुळं त्या काळात परत येत नाहीत. नवा कोंब बोटाच्या पेराएवढा झाला आणि त्याला मुळांचे टिंबं दिसायला लागले की तो मुहूर्त.

खत कुठलं?

१९:१९:१९ हे विद्राव्य खत कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. एका लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, वाढीच्या दिवसांत. पाकिटावर भाजीपाल्यासाठी लिहिलेलं प्रमाण ऑर्किडला फार होतं. झोपेत काही नाही. 'फुलं येत नाहीत म्हणून टॉनिक दिलं' हे वाक्य ऐकलं की मला पुढचं ऐकायची गरज पडत नाही.

पाणी सकाळीच का? बर्फाचे खडे ठेवू का?

जाड पानांची बहुतेक ऑर्किडं दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, पाण्याची बचत म्हणून. त्यांचं रात्रीचं काम चालू असताना पानं ओली-चिकट नसलेली बरी. सकाळी दिलेलं पाणी संध्याकाळपर्यंत वाळतं. बोअरचं जड पाणी असेल तर मुळांवर पांढरे क्षार चढतात; पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा. बर्फाचं म्हणाल तर, उष्ण कटिबंधातल्या झाडाच्या मुळाशी बर्फ ठेवायची हौस मला तरी कधी कळली नाही.

ऑर्किड म्हणजे बांडगूळच ना? आंब्यावर बांधलं तर आंबा खराब होईल?

मावशीलाही अजून पटलेलं नाही. बांडगूळ आंब्याच्या सालीत मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. ऑर्किड, म्हणजे आपली आमरी, फांदीला फक्त धरून राहते. तिचं पाणी हवेतून आणि पावसातून, अन्न स्वतःच्या पानांतून. आंबा, फणस, ऐन, चिकू ह्यांची खरबरीत साल तिला सोयीची. पेरूची साल सुटत राहते म्हणून तो टाळा. बांधायचं पावसाळ्याच्या तोंडावर, सुती चिंधीने किंवा सुतळीने. मुळं चिकटेपर्यंत सुतळी कुजून जाते, सोडायची आठवण ठेवावी लागत नाही.

शेंग धरली आहे. बी पेरू का?

पेरून काही उगवणार नाही. एका शेंगेत धुळीसारखं हजारो बी असतं, आणि त्या बियांत अन्नाचा साठाच नसतो. रानात एक विशिष्ट बुरशी बीला अन्न पुरवते तेव्हा ते रुजतं. हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८९९ मध्ये लक्षात आलं. १९२२ मध्ये अमेरिकेत ल्यूइस नडसनने बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या पदार्थावर, बी रुजवून दाखवलं. आज बाटलीत वाढवलेली रोपं आपल्याला परवडतात ती त्यामुळे. शेंग ठेवली तर झाडाची बरीच ताकद जाते. मी खुडतो.

ट्रेकला गेलो तेव्हा झाडावर दिसलं. थोडं आणलं तर?

आणू नका. वनक्षेत्रातून काढणं हा गुन्हा आहेच, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात निळी व्हांडा, लाल व्हांडा आणि सगळ्या लेडीज स्लिपर ऑर्किडांना नावानिशी संरक्षण आहे. पण व्यवहाराचंही सांगतो: उन्हाळ्यात ओरबाडून आणलेल्या झाडाची मुळं सालीलाच चिकटून मागे राहतात. वादळात पडलेली फांदी, तोडला जाणारा आपला खाजगी आंबा, ही वेगळी गोष्ट. आणि ते झाड जमलं तर तिथेच, गावातल्याच दुसऱ्या झाडावर बांधा. माझ्या फळकुटावर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आम्ही न्यू जर्सीत असतो. तुमचं दिवाळी-होळी इथे चालेल?

गाढ झोपणाऱ्यांसाठी साधारण चालेल, कारणं वेगळी. नोबिल तर तुमच्याकडे आमच्यापेक्षा चांगलं फुलेल. ऑक्टोबरात ते बाहेर गारठ्यात राहू द्या, कोरडं ठेवा, आणि पहिलं हिमतुषार पडण्याआधी आत घ्या. फॅलेनोप्सिस खिडकीजवळ ठेवलं की शरदातल्या रात्रीच्या गारव्याने दांडा धरतं. हीटरची कोरडी हवा मात्र कळ्या गाळते; हीटरच्या झोतापासून लांब ठेवा. मेलबर्नला असाल तर सगळं उलट. तिथे दिवाळी वसंतात येते, त्यामुळे सण बाजूला ठेवून झाडाकडेच बघा.

जाताना बॅगेत इथलं रोप घालून नेऊ नका. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या यादीत आहे. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर विमानतळावर काढून घेतात.

झाड उठलं हे कसं ओळखायचं? पाणी पुन्हा कधी सुरू?

होळीनंतर आठवड्यातून एकदा जुन्या काड्यांच्या बुडाशी बघा, भिंग असेल तर उत्तम. आधी एखादं पेर फुगल्यासारखं वाटतं. मग हिरवा किंवा जांभळट टिंब, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच दिवशी नळी घेऊन धावू नका. कोंब सुरुवातीला आईच्या काडीतल्या साठ्यावर वाढतो, त्याला स्वतःची मुळं अजून नसतात, आणि कोवळ्या कोंबाच्या खोबणीत पाणी साचलं तर तो दोन दिवसांत काळा होतो. तोपर्यंत शिंपडणं चारेक दिवसांआड. कोंबाच्या बुडातून हिरव्या टोकाची नवी मुळं निघून पेरभर लांब झाली, की पहिल्यांदा भरपूर पाणी. माझ्याकडे हे बहुधा मेच्या शेवटी, वळीव होऊन गेल्यावर येतं. मावशीकडे चिकूवर ते मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर आपलं आपण होतं.